पहारा बदलताना

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं, सगळ्यांच्या हातावर साखर ठेवायची आणि माहेरच्या नावाला तिथंच निरोप. आता ही रीत बरीच मागे पडली. पण सत्तरीच्या पुढच्या किती तरी जणी अजून दोन नावांच्या आहेत. माहेरी एक, सासरी एक. त्यानं कुणाचं काही अडत नाही. अडतं केव्हा, तर नवरा फौजेत असला आणि तो आधी गेला तेव्हा.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात शहापूरकडच्या एक आजी माझ्या ऑफिसात आल्या. नातवानं मोटारसायकलवरून काळी पत्र्याची पेटी आणली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं फौजी नंबर, हुद्दा आणि नाव. यजमान हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पेन्शन वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू होती. ते गेले आणि आजींच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज परत आला. का? तर नोंदीतली बायको वेगळी आणि अर्ज करणारी वेगळी! चौदा महिने आजी या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होत्या. जो तो एक कागद जास्त मागायचा आणि पुढच्या मंगळवारी यायला सांगायचा.

मी दिवाणी दावे चालवणारी वकील. शेतीची वाटणी, बांधाचं भांडण, मृत्युपत्र, हे माझं रोजचं काम. फौजेचे कागद मी त्याआधी कधी नीट पाहिलेलेच नव्हते, हे कबूल करायला हवं. त्या महिन्यात माझ्याकडे कायद्याच्या दोन विद्यार्थिनी इंटर्नशिपला होत्या. बार कौन्सिलच्या नियमानं तीन वर्षांच्या एलएलबीला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे असं काम करावं लागतं. बहुतेक मुलं ते आठवडे फायली उचलण्यात आणि चहा सांगण्यात घालवतात. मी या दोघींना म्हटलं, "पेटी उघडा आणि सगळं वाचून काढा."

तीन तास दोघी जमिनीवर बसून वाचत होत्या. तळाशी लग्नपत्रिका निघाली. मग कोडं सुटलं. लग्न झाल्यावर जवानानं पलटणीत बायकोचं नाव लावायला दिलं, सोबत पुरावा म्हणून लग्नपत्रिका जोडली. पत्रिकेत माहेरचंच नाव असणार! कारकुनानं तेच उतरवलं. आधार, समग्र आयडी, बँकेचं पासबुक हे सगळं सासरच्या नावानं. जन्मतारीखही जुळेना, कारण आधारवर 1 जानेवारी पडलेली.

आजींना विचारलं, "एवढ्या वर्षांत हे यजमानांच्या लक्षात कसं आलं नाही?" त्या म्हणाल्या, "त्यांनी मला नावानं हाक मारली असती तर लक्षात आलं असतं ना, बाई. ते नेहमी 'अहो, ऐकलं का' असंच म्हणायचे."

आजींचं माहेर सीमेपलीकडे, रावेर तालुक्यात. मुली तिकडच्या शाळेत गेल्या, जुन्या रजिस्टरातून दाखला काढून आणला. त्यात माहेरचं नाव आणि खरी जन्मतारीख, दोन्ही सापडलं. मग दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं आजींचं शपथपत्र, त्यांच्या भावाचं शपथपत्र, सरपंचांचा दाखला आणि एक इंग्रजी पत्र. पत्रात प्रत्येक कागदाला क्रमांक. पाच महिन्यांनी नोंद दुरुस्त होऊन आली आणि यजमान गेले त्या दिवसापासूनची थकलेली पेन्शन आजींच्या खात्यात जमा झाली.

यात कायद्याचा अवघड प्रश्न कुठं होता? कुठंच नव्हता. ते कागद शेवटपर्यंत वाचणारं कुणी नव्हतं, एवढंच.

आपल्या बुरहानपुरात ही अडचण जरा जास्तच आहे. म्हातारा फौजी घरात मराठी बोलतो. तहसील आणि कलेक्टोरेटमध्ये अर्ज हिंदीत. पलटणीच्या अभिलेख कार्यालयाचं आणि पेन्शनचं पत्र इंग्रजीत. तीन भाषांच्या मध्ये माणूस अडकतो. पण हीच आपली ताकदसुद्धा आहे. आपल्याकडची कायद्याची मुलं घरी मराठी बोलतात, वर्गात हिंदीतून शिकतात आणि निकाल इंग्रजीतून वाचतात. असा विद्यार्थी मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजातही सहजासहजी मिळायचा नाही.

आजींच्या पाठोपाठ त्यांच्या गावचे आणखी दोघे आले. मग म्हटलं, याला वार लावून टाकू.

पहिला प्रयत्न चुकला, हेही सांगते. मुलांचा उत्साह दांडगा. 26 जानेवारी जवळ आलेली. शिबिर घ्यायचं ठरलं. फलक, पाहुणे, शाल-श्रीफळ, भाषणं. माजी सैनिक कडक इस्त्रीच्या कपड्यात, छातीवर पदकं लावून आले. सत्कार झाले, फोटो झाले. खाली बसून कुणाचं काय अडलंय हे विचारायला शेवटी अर्धा तास उरला. त्या अर्ध्या तासात नावं लिहून घेतलेला कागद नंतर कुणालाच सापडला नाही.

तेव्हापासून शिबिर बंद. महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी 10 ते 1. जागा म्हणजे ओळखीच्या मंगल कार्यालयाची पडवी, लग्नसराईत शाळेची खोली. फलक नाही, माइक नाही. एका फौजीला दोन विद्यार्थी. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग दोघांनी मिळून कागद वाचायचे.

कामं कसली निघतात? पेन्शन आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळते. तिथं नाव, जन्मतारीख आणि बँक खातं एकमेकांशी जुळावं लागतं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते आणि ती विधवेच्या फॅमिली पेन्शनलाही लागू आहे. पण आधारवर वय चार वर्षं कमी पडलं असेल तर वाढही चार वर्षं उशिरा! काहींची नोकरी पेन्शनला पुरेशी झालेली नसते. अशा पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरच्या गरीब माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळते. ती महिन्याला 4000 रुपये होती, नोव्हेंबर 2025 पासून 8000 झाली. जिल्हा सैनिक कार्यालयाच्या मार्फत अर्ज करायचा असतो. ही गोष्ट ज्यांना माहीत असायला हवी त्यांनाच बहुधा माहीत नसते. बाकी मग जमिनीची प्रकरणं. भाऊ सरहद्दीवर असताना गावात वाटणी झाली, पटवाऱ्याकडे त्याचं नाव चढलंच नाही, अशी.

विद्यार्थ्यांना काय करता येत नाही, तेही पहिल्याच दिवशी सांगितलं. 1961 च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे सनद मिळाल्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही. फी घ्यायची नाही. "तुमचं काम होणारच" असं म्हणायचं नाही. मूळ कागद घरी न्यायचा नाही, समोर फोटो काढून किंवा झेरॉक्स करून तिथंच परत द्यायचा. कुठलंही पत्र मी किंवा दुसऱ्या वकिलानं वाचल्याशिवाय टपालात टाकायचं नाही.

सगळं छान चाललं होतं. मग एक गोष्ट घडली. आजींची गोष्ट सगळ्यांना सांगते, ही फारशी सांगत नाही.

एक नाईक होते. आजारपणामुळे फौजेतून मुदतीआधी घरी पाठवलेले. अपंगत्वाची पेन्शन मागितली होती, ती नाकारली गेली. आजार नोकरीमुळे झालेला नाही, असं कारण दिलेलं. मुलांनी जीव ओतून काम केलं. 2013 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंह निकाल त्यांनी शोधून वाचला. सिग्नल्स कोअरमधला हा शिपाई 1985 मध्ये भरती झाला आणि फेफऱ्याच्या आजारामुळे 1994 मध्ये 20 टक्के अपंगत्व ठरवून घरी पाठवला गेला. न्यायालयानं म्हटलं की, भरतीच्या वेळी वैद्यकीय कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं. आजार नोकरीमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर, जवानावर नाही. आमच्या नाईकांच्या भरतीच्या कागदावरही कसलीच नोंद नव्हती. मुलांनी अपील लिहिलं, मी तपासलं, पाठवलं.

उत्तर आलं एप्रिलमध्ये. परीक्षा तोंडावर होत्या, मुलांनी महिनाभर यायचं थांबवलं. ज्या दोघांकडे हे काम होतं ते शेवटच्या वर्षाचे, पास होऊन एक इंदूरला गेला, एक गावी. वहीत नोंद होती ती फक्त "अपील पाठवले" एवढीच. ऑगस्टमध्ये नवी मुलं आली, त्यांना या प्रकरणाचा पत्ताच नाही. मलाही आठवण राहिली नाही. नाईककाकांनी ते इंग्रजी पत्र पेटीत जपून ठेवलं. त्यांना वाटलं, पोरं येतील तेव्हा सांगतील. दिवाळी झाल्यावर ते पत्र घेऊन आले. अपील फेटाळल्याचं पत्र होतं ते.

सैनिकांच्या नोकरीविषयक तक्रारींसाठी 2007 च्या कायद्यानं सशस्त्र सेना न्यायाधिकरण नेमलं गेलं, 2009 पासून ते काम करतं. मध्य प्रदेशासाठी त्याचं पीठ जबलपूरला आहे. अंतिम आदेश मिळाल्यापासून 6 महिन्यांत तिथं जावं लागतं. आमचे 6 महिने पेटीत निघून गेले होते.

उशीर माफ करता येतो. पण पैशाचं काय? 2008 साली तरसेम सिंह नावाच्या जवानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय आहे, म्हणून उशिरा आलात तरी हक्क बुडत नाही. मात्र थकबाकी मिळेल ती दावा करण्याआधीच्या 3 वर्षांचीच. तरसेम सिंह 16 वर्षांनी न्यायालयात गेले होते. मागची सगळी वर्षं गेली ती गेलीच. याचा सरळ अर्थ असा की, जुन्या प्रकरणात आज दाखल करायचा अर्ज पुढच्या महिन्यावर गेला, तर म्हाताऱ्याच्या एका महिन्याची पेन्शन कायमची बुडू शकते. आमच्यामुळे काही महिने बुडाले असतील. ते पैसे माझे नव्हते. ज्यांचे होते त्यांच्या घराला अजून पत्रे आहेत आणि पावसात ते गळतात.

जबलपूरला अर्ज दाखल केला आहे, उशीर माफ करण्याची विनंतीही केली आहे. नाईककाका आम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

त्या रविवारी आमच्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त सुभेदार बसले होते. पोरांची पडलेली तोंडं पाहून ते म्हणाले, "तुमच्यात पहारा बदलायची पद्धत नाही, म्हणून हे झालं." मग त्यांनी समजावून सांगितलं. चौकीवर जाणारा संतरी नुसता उठून जात नाही. येणारा समोर उभा राहतो. काय दिसलं, काय शिल्लक आहे, कशावर नजर ठेवायची, हे सगळं जाणारा त्याला सांगतो. येणारा ते परत म्हणून दाखवतो. मगच पहिला हलतो. "तुमची परीक्षा येणार हे तुम्हाला जूनपासून माहीत असतं की नाही? मग एप्रिलमध्ये चौकी रिकामी कशी राहते?"

दरवर्षी माणसं बदलणार हे विद्यार्थ्यांच्या कुठल्याही कामाचं दुखणंच आहे. मुलं चांगली असतात, मन लावून करतात आणि निघून जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष माझ्यासारख्या कायम राहणाऱ्यांचा.

आता आमच्याकडे जाडजूड वही आहे. एका प्रकरणाला एक पान. त्यावर शेवटी काय केलं त्याच्या खाली "पुढे काय, कोणत्या तारखेला, कोण" असे तीन रकाने. ते रिकामे सोडून कुणी घरी जायचं नाही. प्रत्येक प्रकरणात एक पुढच्या वर्षाचा आणि एक शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, म्हणजे दोघं एकदम जात नाहीत. मार्चचा दुसरा रविवार फक्त पहारा बदलण्याचा. जाणारा विद्यार्थी फौजीच्या समोर बसून येणाऱ्याला सगळं सांगतो आणि येणारा ते परत म्हणून दाखवतो. सुभेदार स्वतः हजर असतात. "जोरात बोल," म्हणतात. एप्रिल-मे महिन्यात आम्ही तीन वकील आळीपाळीनं बसतो. आणि प्रत्येक फौजीच्या पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: 'कुठलंही पत्र आलं की त्याच आठवड्यात दाखवा.'

हे काम आम्ही काही नवीन शोधून काढलेलं नाही. गरिबाला मोफत कायदेशीर मदत मिळावी, हे 1976 सालच्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद 39-अ मध्ये लिहिलं गेलं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात लॉ कॉलेजांमध्ये मदत केंद्रं काढण्याची तरतूद आहे. त्याच कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे फौजीच्या विधवेनं वकिलाच्या फीसाठी कुणापुढे हात पसरायची गरज नाही. 26 जुलै 2025 ला, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं श्रीनगरमध्ये 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयांतच कायदेशीर मदतीची केंद्रं उघडायची, म्हणजे सैनिकाच्या कुटुंबाला वेगळीकडे हिंडावं लागू नये, हा तिचा हेतू. प्राधिकरणाची मदतवाहिनी 15100 आहे.

परदेशातही हे काम विद्यार्थ्यांनीच पुढे नेलं आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये 2010 पासून माजी सैनिकांसाठी विद्यार्थ्यांचं केंद्र चालतं. व्हिएतनाम युद्धात लढलेल्या कॉनली मंक यांचं प्रकरण या विद्यार्थ्यांनी हाती घेतलं. एकट्या सैनिकाचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो, तर अनेकांनी मिळून दाद मागता येईल का, हा प्रश्न त्यातून पुढे आला आणि 2017 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं होकार दिला. एवढ्या वर्षांत तिथं विद्यार्थ्यांच्या किती तरी तुकड्या आल्या आणि गेल्या असतील. प्रकरण हातातून पडलं नाही, याचं मला आमच्या अनुभवानंतर जास्त अप्रूप वाटतं.

वाचकहो, आपला हा भाग फौजेला परका नाही. महार रेजिमेंटचं केंद्र आपल्याच राज्यात सागरला आहे, महूची छावणी बुरहानपुरापासून फार लांब नाही. प्रत्येक मोठ्या गावात एखाद-दुसरी काळी पेटी असतेच. तुमच्या शेजारी असेल तर 26 जानेवारीला त्या काकांना नमस्कार करालच. पण त्याआधी एकदा विचारा, "काका, इतक्यात काही पत्र आलंय का?" घरात कायदा शिकणारं पोर असेल तर त्याला सोबत न्या. हयातीचा दाखला दिला का, आधारवरची जन्मतारीख बरोबर आहे का, बायकोचं नाव पेन्शनच्या कागदावर कोणतं आहे, एवढे तीन प्रश्न पुरेत. तिसरा प्रश्न काका जिवंत असताना विचारला तर एका अर्जावर भागतं. नंतर विचारला तर काय होतं, ते शहापूरच्या आजींना विचारा.

आजी अजून येतात. काम नाही, सहज येतात. येताना केळी आणतात. परवा नव्या मुलींनी त्यांचं नाव वहीत लिहायला घेतलं आणि विचारलं, "आजी, कोणतं लिहू?"

"दोन्ही लिही," आजी म्हणाल्या. "आणि खाली तारीख टाक."